दोन दशांश मिलिमीटरचा फरक

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात केनर प्रॉडक्ट्स नावाची खेळण्यांची कंपनी होती. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील पात्रांच्या पावणेचार इंची फिगर याच कंपनीने १९७८ पासून बाजारात आणल्या. १९८५ मध्ये ही मालिका बंद झाली, १९९१ मध्ये केनर हॅस्ब्रो या मोठ्या खेळणी-कंपनीच्या मालकीची झाली आणि २००० साली सिनसिनाटीतील कार्यालयालाही कुलूप लागले. नोकरीच्या निमित्ताने मी या शहराच्या उपनगरात राहायला आले, तेव्हा माझ्या शेजारपाजारच्या वयस्कर मंडळींपैकी कोणाची बहीण केनरमध्ये टंकलेखिका होती, तर कोणाचे वडील तिथल्या मॉडेल शॉपमध्ये, म्हणजे नमुने घडवणाऱ्या विभागात, काम करत होते. त्याआधीची माझी काही वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये प्लॅस्टिकच्या मोल्डचे डिझाइन करण्यात गेली होती. त्यामुळे माझे कुतूहल त्या पात्रांपेक्षा त्यांच्या साच्यांविषयी अधिक होते, आणि प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीच्या मालाआधीचे नमुने, जमवण्याच्या छंदाला मी त्या कुतूहलापोटी लागले.

दुकानात विकल्या गेलेल्या फिगर आजही भरपूर मिळतात. त्या तयार होण्याआधीच्या टप्प्यांवरचे नमुने मात्र फार थोडे उरले आहेत. शिल्पकार आधी मेणात मूर्ती घडवत असे. तिच्यावरून सिलिकॉन रबरचा साचा घेऊन त्यात कडक रेझिन ओतले जाई आणि अशा ओतीव प्रतीला हार्डकॉपी म्हणतात. केनरच्या बऱ्याच हार्डकॉपी डायनाकास्ट नावाच्या हिरवट पदार्थाच्या आहेत. त्यांतल्या काही हाताने रंगवून वेष्टनावरच्या छायाचित्रांसाठी आणि विक्रेत्यांना दाखवण्यासाठी वापरल्या जात, तर काहींवरून पोलादी साच्याचे काम होई. साचा तयार झाला की इंजेक्शन मशीनवर त्यातून पहिले नमुने काढले जात. हे फर्स्ट शॉट बहुधा बिनरंगी असतात आणि हाताशी असेल त्या रंगाचे प्लॅस्टिक वापरल्यामुळे कधीकधी भलत्याच रंगात निघालेले असतात. भोसरीत आम्ही यालाच टी-वन ट्रायल म्हणत असू. ट्रायलचे तुकडे तपासून झाले की ते भंगारात जात. ते जपून ठेवावेत असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. केनरमध्येही पुष्कळ माल असाच गेला असणार, आणि जे वाचले ते कर्मचाऱ्यांनी मुलांसाठी घरी नेल्यामुळे किंवा टेबलाच्या खणात पडून राहिल्यामुळे वाचले.

या छंदाची बातमी होते ती बहुतेक वेळा ‘स्टार वॉर्स’मधील बोबा फेट या पात्रामुळे. १९७९ मध्ये केनरने जाहिरात केली की खरेदीचे चार पुरावे पाठवणाऱ्यास पाठीवरून क्षेपणास्त्र उडवणारी बोबा फेटची फिगर मोफत मिळेल. त्याच सुमारास मॅटेल या दुसऱ्या खेळणी-कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ मालिकेतील एका खेळण्याचे छोटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला होता. केनरने उडणारी यंत्रणा रद्द केली आणि मुलांच्या हाती पडली ती क्षेपणास्त्र पक्के बसवलेली फिगर. उडवणाऱ्या यंत्रणेचे जे नमुने कंपनीबाहेर गेले, ते पाठीवरच्या खाचेच्या आकारावरून एल-स्लॉट आणि जे-स्लॉट अशा दोन प्रकारांत ओळखले जातात. २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात हाताने रंगवलेला एक एल-स्लॉट नमुना ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. माझ्यासारख्या पगारदार बाईने हा आकडा वाचून विसरून जावा, हे उत्तम. मात्र अशा आकड्यांमुळे बनावट मालाला भाव येतो, आणि त्याचा त्रास लहान खरेदीदारालाच अधिक होतो.

माझी पहिली खरेदी १९८३ च्या गॅमोरियन गार्डच्या फर्स्ट शॉटची होती. हा डुकरासारख्या तोंडाचा, जाडजूड पहारेकरी मला रूपासाठी मुळीच आवडला नव्हता. पण एवढ्या जाड भागात प्लॅस्टिक थंड होताना पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगे पडतात, ते मला पाहायचे होते. विकणारे गृहस्थ जुने संग्राहक होते. त्यांनी मला फिगर तासभर हाताळू दिली आणि मी भिंगातून पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ), गेट (प्लॅस्टिक साच्यात शिरते ते तोंड) कापल्याची जागा आणि कडेला फुटलेला फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, तपासत बसले. बाजारातल्या फिगरवर पायाशी किंवा पाठीशी साल आणि स्वामित्वहक्काची अक्षरे असतात, तशी या नमुन्यावर नव्हती, कारण ती साच्यात पुष्कळदा शेवटी कोरली जात. अर्थात अक्षरे घासूनही काढता येतात. घासलेल्या जागी आजूबाजूच्या पृष्ठभागाचा पोत तुटतो आणि तिरप्या उजेडात ते लगेच दिसते; इथे पोत अखंड होता. गृहस्थांनी फिगर कोणाकडून घेतली त्याचे सही केलेले पत्र दिले, त्या पत्रातील व्यक्तीशी मी फोनवर बोलले, आणि मगच पैसे दिले.

हार्डकॉपीचे प्रकरण अधिक अवघड निघाले. फर्स्ट शॉट बनावट करायचा तर पोलादी साचा लागतो, परंतु हार्डकॉपीची नक्कल कोणालाही घरच्या ओट्यावर करता येते: बाजारातली फिगर घ्या, सिलिकॉनचा साचा करा, हिरवा रंग मिसळून रेझिन ओता. जुन्या खेळण्यांच्या एका विक्री-मेळ्यात मला अशीच एक लोबॉटची ‘हार्डकॉपी’ दाखवण्यात आली. लोबॉट ही ‘स्टार वॉर्स’ मालिकेतलीच १९८१ ची फिगर. विक्रेत्याने वर्णन भरपूर केले, पण ती कोणाकडून आली हे विचारताच तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी पर्समधून व्हर्निअर, म्हणजे सूक्ष्म लांबी मोजण्याचे साधन, काढला. प्लॅस्टिक गरम असताना साच्यात जाते आणि थंड होताना आकसते. एबीएस नावाचे कडक प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का आकसते, मऊ व्हायनिल त्याहून जास्त. म्हणून साचा नेहमी वस्तूपेक्षा थोडा मोठा करावा लागतो आणि साच्यासाठी वापरायची मूळ प्रतही तेवढीच मोठी असावी लागते. खरी हार्डकॉपी बाजारातल्या फिगरपेक्षा किंचित मोठी भरते ती यामुळे. उलट, बाजारातल्या फिगरवरून घेतलेली नक्कल तिच्याएवढी किंवा तिच्याहून लहानच भरणार, कारण रेझिनही जमताना थोडे आकसते. चाळीस मिलिमीटरच्या धडावर हा फरक दोन दशांश मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न कळणारा, पण ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणाऱ्या व्हर्निअरला सहज कळणारा. तुलनेसाठी बाजारातला लोबॉट मी सोबत नेला होताच. त्या मेळ्यातले हिरवे धड त्याच्यापेक्षा बारीक भरले. मी आभार मानून निघाले. विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, परंतु मोजमापे आणि छायाचित्रे ओळखीच्या संग्राहकांना त्याच संध्याकाळी पाठवली.

खरे धड मिळाले ते पुढे, ओळखीतून. केनरमध्ये काम केलेल्या एका गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या मुलीने घर आवरायला काढले होते आणि तळघरातल्या एका डब्यात सुटे हात, पाय, मेणाचे तुकडे आणि लोबॉटचे हात नसलेले धड सापडले. तिला त्याची किंमत ठाऊक नव्हती. मी व्यवहाराआधी तिला अलीकडच्या लिलावांचे आकडे दाखवले आणि हवे तर हे लिलावातही देता येईल, असे स्पष्ट सांगितले. मृताच्या घरातून अर्ध्या किमतीत माल उचलून नंतर त्याच्या बढाया मारणारे संग्राहक मला भेटले आहेत, आणि त्यांच्या ओळीत बसण्याची माझी इच्छा नव्हती. तिने आठवडाभर विचार करून धड मलाच विकले. मेणाचे तुकडे मात्र वडिलांची आठवण म्हणून स्वतःकडे ठेवले. डब्यासह छायाचित्रे, वडिलांच्या नोकरीचा एक जुना कागद आणि तिचे सहीचे निवेदन, एवढे तिने आपणहून दिले.

घरी आल्यावर मोजले, तेव्हा धड अपेक्षेप्रमाणे मोठे भरले. अतिनील दिव्याखाली रंग आणि गोंद पाहिले, कारण अलीकडची काही द्रव्ये त्या प्रकाशात वेगळी चमकतात. तशी चमक कुठे दिसली नाही. खांद्यांच्या खोबणीत हात बसवण्याची भोके होती आणि एका भोकाभोवती पेन्सिलची खूण होती. तरीही स्वतःच्या निर्णयावर न थांबता मी ते केनरच्या हार्डकॉपी वर्षानुवर्षे हाताळलेल्या दोन संग्राहकांना प्रत्यक्ष दाखवले. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या आहेत आणि विमा उतरवताना त्यांच्या कागदाचा उपयोग होतो, परंतु बंद पेटीत सील झालेली वस्तू पुन्हा मोजता येत नाही, म्हणून मी धड अजून कोणाकडे पाठवलेले नाही.

ठेवण्याची व्यवस्था साधी आहे. व्हायनिलमधील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येऊन चिकटपणा धरते, म्हणून गॅमोरियन गार्ड आणि धड एका डब्यात ठेवत नाही, पीव्हीसीच्या पिशव्या वापरत नाही आणि कपाट उन्हापासून दूर ठेवले आहे. प्रत्येक वस्तूबरोबर तिची पत्रे आणि मोजमापांचा तक्ता आम्लविरहित कागदी पाकिटात असतो. सध्या लोबॉटच्या हातांचा शोध चालू आहे. त्या डब्यातील सुटे हात दुसऱ्याच पात्राचे निघाले. जुळणारे हात मिळालेच, तर खोबणीत बसवून छायाचित्र घेईन आणि पुन्हा वेगळे ठेवीन, चिकटवणार नाही.