आमची वाटचाल: अख्खा, पाकळी, तुकडा

2004 साली वेंगुर्ल्याजवळ आम्ही काजू फॅक्टरी टाकली तेव्हा भांडवल म्हणजे एक जुना बॉयलर, थोडी हातापायाची कटिंग मशीनं, घरचं खळं आणि माझे मावसभाऊ अण्णा. अण्णा मुंबईला गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर गावी आले आणि माझे भागीदार झाले. कटिंग मशीनवर नुसता हात ठेवून ते सांगायचे की डावं पातं सैल आहे. पायाचा दांडा दाबला की दोन वाकडी पाती टरफलात शिरतात, हाताचा दांडा ओढला की टरफल उघडतं, आणि समोर बसलेली बाई सळईने गर उचलते. पात्यांतलं अंतर सुताएवढं जरी चुकलं तरी गराला चीर जाते. बाहेरून दिसत नाही. बोरम्यातून, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीतून, वाळून निघाला, साल सोलायला घेतला, की दोन भाग हातात येतात.

धंद्यातल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. डब्ल्यू 240 म्हणजे पौंडाला 220 ते 240 गर, 320 म्हणजे 300 ते 320. हा अख्ख्याचा हिशेब. दुभंगला की पाकळी, मोडला की तुकडा, त्याखाली कणी. बी तीच, मजुरी तीच, जळण तेच, आणि भाव प्रत्येक पायरीला खाली. आमचा सगळा नफा अख्ख्यात.

2005 ते 2020 धंदा चालला. कर्ज फिटलं, शेड वाढली, नवा ड्रायर आला.

मग 2021. एप्रिलात लॉकडाऊन लागला आणि हात बसलेल्या बायका दुसऱ्या गावांत अडकल्या. जवळच्या नव्या बायकांना बसवलं. 16 मेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. वीज कित्येक दिवस नव्हती. खळ्यावर वाळत घातलेली बी ताडपत्रीखाली घामेजली. त्यातच बागायतदारांकडून वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या दोन जातींची बी एकाच पोत्यात मिसळून आलेली. वेंगुर्ला-4 ची बी साधारण पावणेआठ ग्रॅमची, वेंगुर्ला-7 ची दहाची. कापण्याआधी बी वाफवावी लागते; एका वाफेत दोन्ही सारख्या शिजतील कशा?

त्या हंगामाचा माल पुण्याच्या शेठजींकडे गेला. ते मिठाईवाले, पहिल्या वर्षापासून आमचे. टिन उघडल्या आणि फोन आला, "अहो, हे काय पाठवलंत? काजूकतलीला चालेल, पण पाकिटात कसं भरू?" तुकडा नेहमीच्या कितीतरी पट. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. बँकेचा हप्ता थकला. अण्णा रोज सकाळी येऊन मशीनं पुसायचे आणि न बोलता घरी जायचे.

एवढ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या कारखानदाराने उठवलं की आम्ही आफ्रिकेची बी कापतो आणि वेंगुर्ल्याची म्हणून विकतो. बंदरावर उतरलेली परदेशी बी कोणाच्या गोदामात जायची हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, पण पडत्या काळात कोण ऐकतं? त्याने आमच्या दारातली बी किलोमागे जास्त देऊन उचलली आणि कटिंगच्या बायकांना आगाऊ पैसे देऊन नेलं. पुढच्या वर्षी एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "धंदा आहे, मनावर घेऊ नका." मी घेतलं आहे. अजूनही घेतलेलं आहे.

तुकडा का पडला, याची कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार होती, आणि प्रत्येकाकडे एकच. बँकेचं म्हणणं, व्यवस्थापन कमी पडलं. गावकरी म्हणाले वादळ. बॉयलरवाल्याने पात्यांवर ढकललं, कटिंगच्या जुन्या बायकांनी नव्या बायकांवर. अण्णा एवढंच म्हणाले, "आदी बी कानाशी हलव, मगे मशिनीक गाळी घाल." बी वाळली की आतला गर खुळखुळतो. ओल्या बीत गर टरफलाला चिकटून असतो, मग पातं दोघांनाही लागतं.

माझी पुतणी तेव्हा दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होती. तिने रोनाल्ड फिशरचं सांगितलं. हा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ 1919 साली रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला. तिथे वर्षानुवर्षांच्या खतांच्या नोंदी पडून होत्या, पण पिकात फरक खताचा, पावसाचा की जमिनीचा हे सुटं करता येत नव्हतं. 1926 च्या लेखात त्याने मांडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघण्याचा हट्ट सोडा; निसर्गाला एकच प्रश्न विचारला तर दुसऱ्या एखाद्या गोष्टीचा विषय निघेपर्यंत तो पुष्कळदा उत्तरच देत नाही. म्हणून अनेक घटक एकत्र बदला, पण जुळणी ठरवून, आणि कुठल्या वाफ्याला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकून.

आम्ही तीन गोष्टी घेतल्या: वाळवण कमी की पुरेशी, वाफ कमी वेळ की जास्त, वाफेनंतरची विश्रांती रात्रभर की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. तीन गोष्टींचे दोन-दोन प्रकार म्हणजे आठ जुळण्या. प्रत्येक पोत्याला वेगळ्या रंगाचा दोरा. कुठलं पोतं कोणती बाई कापणार, ते पुतणीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. बायका हसल्या; म्हणाल्या, भिशी लागली.

निकाल असा आला की कोणाचंच एकट्याचं कारण खरं ठरेना. पुरेशी वाळलेली बी वाफ थोडी इकडेतिकडे झाली तरी अख्खी निघाली. नव्या बाईच्या हातूनही निघाली. ओली बी मात्र वाफ वाढवली की आणखी बिघडायची, आणि विश्रांती कमी पडली की सगळा सत्यानाश. म्हणजे विश्रांतीचा गुण वाळवणीवर अवलंबून. वाळलेल्या बीवरच तपासलं असतं तर विश्रांतीने काही फरक पडत नाही असं आम्ही छातीठोक सांगितलं असतं.

हापूसच्या साक्याचंही, म्हणजे आतला गर पांढरा, स्पंजासारखा होतो त्याचंही, तसंच. फळ झाडावर जास्त तयार होऊ देणं, तापलेल्या जमिनीची धग, कोयीची रुजायची घाई, असं बरंच काही त्यात सापडलेलं आहे. आंबेवाला तरी एकालाच शिव्या घालतो.

त्याच काळात दोन बायकांच्या हातांना फोड आले. काजूचं तेल, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. टरफलातलं तेल भाजतंच. पण तेच तेल वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या बायकांना इतकं होत नव्हतं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी विचारलं की हात कशाने धुता. कपड्यांच्या साबणाने, आणि तेही फुटलेल्या त्वचेवर, पावसात दिवसभर ओल्या राहिलेल्या हातांवर. आम्ही हातमोजे दिले, साबण बदलला, कापायला बसण्याआधी हाताला खोबरेल लावायची सक्ती केली. फोड कमी झाले. यातल्या कशामुळे, हे मी सांगू शकत नाही, कारण तिन्ही एकदम केलं. बायकांच्या हातावर चिठ्ठ्या टाकायच्या नसतात.

शेठजींनी ती खेप तुकड्याच्या भावाने ठेवून घेतली आणि पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ पाठवले. एकदा स्वतः आले, खळ्यावर उभं राहून मूठभर बी कानाशी हलवली आणि अण्णांना म्हणाले, "वाजतंय." अण्णांनी त्यांना घरी नेऊन सोलकढी पाजली. माझ्याकडच्या चहाला दोघांनीही नकार दिला.

नव्याने धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. बॉयलरचा गेज दर हंगामाला तपासून घ्या. बी घेताना ओलावा मोजा, बागायतदार ओळखीचा असला तरी. वहीत निव्वळ वजन लिहू नका. कोणत्या खळ्याची बी, किती वाळली, कोणी कापली, तेही लिहा. मोहोराच्या वेळी ढग आले, ढेकण्या ही रस शोषणारी कीड पडली, थंडी लांबली, हेही लिहा, कारण मे महिन्यात बी बारीक का आली याचं उत्तर जानेवारीत असतं. आणि तुकड्याला लाजू नका, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

आता वाफेआधी बी चाळणीतून जाते. मोठी वेगळी, बारीक वेगळी, दोन्हींना वेगळी वाफ. चाळण अण्णांनी पत्र्याला स्वतः भोकं पाडून केली. मागच्या शिमग्याला त्या कारखानदाराचा माणूस सहज आल्यासारखा आला आणि भोकाचं माप विचारू लागला. अण्णांनी चाळणीवर पोतं टाकलं आणि त्याला वेंगुर्ल्याच्या गाडीची वेळ सांगितली.