बोअरचं पाणी आणि क्रेटमधल्या शिंपल्या

आमच्या वाडीत पाण्याचा रंग दरवर्षी एप्रिलच्या शेवटाला बदलतो. तोवर सगळं विहिरीवर चालतं. जांभ्यात खणलेली, चिऱ्यांनी बांधून काढलेली आमची विहीर श्रावणात काठोकाठ भरते, शिमग्यानंतर उतरू लागते आणि एक दिवस फूटव्हॉल्व्ह उघडा पडून पंप नुसती हवा ओढतो. मग बोअरचं बटण दाबायचं. आठवड्याभरात न्हाणीतली पांढरी बादली गेरू फासल्यासारखी होते, कमोडमध्ये तांबडा ओघळ उतरतो आणि नळाच्या तोंडाशी बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी थर धरतो.

सासूबाईंना यात काही विशेष वाटत नाही. "चिरे तांबडे, माती तांबडी, मगे पाणी कसा येतला?" हा त्यांचा सवाल. कुडाळ तालुक्यात कुठेही विचारा, हेच उत्तर मिळेल. ते तर्काला धरून आहे, पण अर्धंच खरं आहे. कारण त्याच तांबड्या चिऱ्यातली विहीर, आणि तिचं पाणी मात्र नितळ!

जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. म्हणजे गंजच तो, आणि गंज काही पाण्यात विरघळत नाही. उघड्या विहिरीच्या पाण्याला सतत हवा लागते, त्यामुळे तिथे लोह गंजाच्या रूपातच दगडाला चिकटून राहतं. खोल बोअरमध्ये तसं नाही. तिथे प्राणवायू पोचत नाही, असलेला कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने आधीच संपवलेला असतो, आणि अशा पाण्यात लोह रूप बदलून विरघळतं. म्हणून बोअरचं पाणी नळातून येतं तेव्हा अगदी स्वच्छ दिसतं. हवा लागली की त्यातल्या लोहाचा पुन्हा गंज होतो. नववीच्या वर्गाला मी हे दरवर्षी दाखवते: एक बाटली बोअरवरच काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली, दुसरी अर्धी भरून खळखळून हलवलेली. तास संपेपर्यंत दुसरी पिवळसर झालेली असते, पहिली अजून तशीच. मुलांना याहून जास्त समजवावं लागत नाही.

मी माहेरची मंगळवेढ्याकडची. त्यामुळे पाण्याचा त्रास मला नवा नव्हता, फक्त वेगळा होता. आमच्या तिकडचं पाणी जड. काळ्या मातीखालच्या विहिरींचं, मचूळ चवीचं. साबण घासघास घासला तरी फेस नाही, अंगावर दह्यासारखी साय तेवढी राहते. केस चिकट. आंघोळीच्या तांब्याच्या बंबात आतून पांढरा खडू जमायचा आणि आण्णा तो दिवाळीआधी चिंच घालून सोडवायचे. डाळ तर शिजायचीच नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालाला आणि पेशींना घट्ट करून ठेवतं. आई वरणापुरती एक घागर लांबच्या गोड्या विहिरीवरून आणवायची. सोडा घातला की डाळ शिजते खरी, पण त्यातलं ब जीवनसत्त्व जातं आणि वरणाला एक साबणी चव येते, ती आईला चालत नसे.

इथे कुडाळला डाळ लोण्यासारखी शिजते. इथे बिघडतो तो चहा. बोअरच्या पाण्याचा चहा काळपट जांभळा होतो, दूध घातलं की राखाडी. मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतंच, "चाय अशी काळी कित्याक?" चहातल्या तुरट द्रव्याची आणि लोहाची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी तुरट हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र करून शाई करायचे ती याच मेळाने. तेव्हा घरच्या घरी लोह ओळखायचं असेल तर पेरूचा पाला ठेचा, त्याचा रस पाण्यात टाका. लोह असेल तर पाणी काळसर जांभळं होतं. किती आहे ते कळत नाही, पण आहे की नाही एवढं कळतं.

कपड्यांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. गेल्या मे महिन्यात नणंदेच्या मुलाचे पांढरे शर्ट पिवळे पडले म्हणून तिने ते ब्लीचमध्ये भिजत घातले. ब्लीच म्हणजे ऑक्सिडीकरण. पाण्यात जेवढं लोह विरघळलेलं होतं तेवढं सगळं तिथल्या तिथे गंजून धाग्यात बसलं. शर्ट भगवे झाले. अशा डागांना आंबट लागतं. लिंबू चोळून उन्हात टाकायचं, किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवायचं. मात्र ब्लीच आणि आंबट कधीही एकत्र करू नका, आणि न्हाणीची फरशी घासताना तर मुळीच नको. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

आता विक्रेत्याचा किस्सा. उन्हाळ्यात असे लोक वाडीवाडीत फिरतात. एक तरुण आला, नीटनेटका, बोलायला गोड. पडवीत बसून त्याने पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवला. आकडा आला १८० च्या आसपास. "बघा मॅडम, क्षार. तुम्हाला सॉफ्टनर लागणार, वर आरओ." टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून एकूण विरघळलेल्या द्रव्यांचा अंदाज सांगतो. त्यात लोह किती, कॅल्शियम किती, मीठ किती हे त्याला कळत नाही. आणि १८० हा आकडा घाबरण्यासारखा नाहीच. मानकात ५०० पर्यंत काही हरकत घेतलेली नाही.

मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. दोन ग्लास: एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवून वायर प्लगमध्ये घातली. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट तपकिरी घाण वर आली, त्याचा ग्लास तसाच. सासूबाई घाबरल्या. "ह्या आमी पितंव?" मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता पुन्हा लाव. लावल्याबरोबर त्याच्या ग्लासातही तोच चिखल. "मॅडम, तुम्ही मीठ घातलंत." हो, मीठच घातलं, गंज नाही घातला. त्या कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीच विरघळून तो गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही. चहा पिऊन तो गेला. चहा विहिरीच्या पाण्याचा होता, एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट.

सॉफ्टनर वाईट यंत्र आहे असं मला म्हणायचं नाही. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन परत कामाला लागतात. मंगळवेढ्याला ते उपयोगी. इथे त्याला कामच नाही, उलट गंज त्या मण्यांवर बसून ते निकामी करतो. पोट दुखत असताना डोळ्यांत थेंब घालण्याचा हा प्रकार, आणि बिल चाळीस हजारांच्या घरात.

तर आधी तपासणी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासायची पेटी दिली आहे आणि गावातल्याच काही बायकांना ती वापरायचं शिकवलं आहे. रंग जुळवून अंदाज कळतो. नीट आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. लोहासाठी नमुना देताना एक लक्षात ठेवा. बाटली घरी दोन दिवस ठेवून नेलीत तर लोह गंजून तळाशी बसतं, वरचं निवळ पाणी तपासलं जातं आणि लोह कमी असल्याचा खोटा दाखला मिळतो. लोहाचा नमुना वेगळ्या बाटलीत घेतात, त्यात आम्लाचे थेंब घालतात, म्हणजे ते विरघळलेलंच राहतं. प्रयोगशाळेतूनच बाटली मागून घ्या.

आमचा अहवाल: लोह लिटरला ३.२ मिलिग्रॅम, काठिण्य (म्हणजे जडपणा) ७०, सामू ६.२. सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा, सातच्या खाली गेला की पाणी आंबट. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लोह १ पर्यंत चालतं, काठिण्य २०० पर्यंत उत्तम आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे आमचं पाणी जड नाहीच, फक्त लोहाचं आणि किंचित आंबट. भावाने तिकडच्या विहिरीचं तपासून घेतलं तर काठिण्य ६४० आणि लोह नावाला. दोन कागद शेजारी ठेवले की दोन गावांचं भूगर्भच समोर येतं.

त्या ६.२ सामूकडे मात्र मी जास्त वेळ बघत बसले. हवेने लोहाचा गंज होण्याचा वेग पाण्याच्या आंबटपणावर फार अवलंबून असतो. सामू एकाने वाढला तर वेग सुमारे शंभरपट होतो. म्हणजे आमच्या पाण्याला नुसती हवा देऊन भागणार नाही, आंबटपणाही मोडायला हवा. त्यासाठी चुनखडी लागते, आणि कोकणात चुनखडी कुठून आणायची? ती आमच्या मागीलदारी ढीगभर पडलेली होती. तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या कालवणाच्या शिंपल्यांच्या, रिकाम्या शिंपल्या! आमच्या घरी आठवड्याला तिसऱ्या होतात आणि शिंपल्या माडाच्या आळ्यात जातात. पूर्वी इकडे चुना भाजायचे तो शिंपल्यांचाच. उकळून, घासून, उन्हात वाळवून त्या भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरल्या.

मग वाडीतल्या प्लंबरकडून मांडणी करून घेतली. बोअरच्या पाइपाला वर आडवा पीव्हीसी पाइप, त्याला खालून बारीक भोकं. तिथून पाणी शॉवरसारखं क्रेटवर पडतं, शिंपल्यांतून ठिबकत ५०० लिटरच्या काळ्या टाकीत उतरतं. वर जाळी, डास नकोत म्हणून. रात्रभर पाणी तसंच ठेवायचं. टाकीची तोटी तळापासून वीतभर वर आणि अगदी तळाला गाळ सोडायचा कॉक. तोटीतून पाणी निळ्या ड्रममध्ये जातं: खाली खडी, वर जाड वाळू, त्यावर दोन वीत बारीक वाळू. वाळू नदीची, खाडीची नाही, नाहीतर पाणी खारट होतं. सगळा खर्च सॉफ्टनरच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नाही.

पहिले काही दिवस पाणी पिवळसरच आलं. प्लंबर खजील झाला होता. पण वाळू कामाला लागायला वेळ घेते. तिच्या कणांवर गंजाचा पातळ थर बसला की तो थरच पुढचं लोह ओढून घेतो. म्हणून ती धुताना पांढरी शुभ्र करायची नाही. शेजारच्या काकांनी आमचं बघून ड्रम केला आणि दर रविवारी सगळी वाळू उपसून चकाचक धुवायला लागले. त्यांचं पाणी पिवळं ते पिवळंच. वरचा बोटभर थर खरवडून तेवढाच धुवायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही.

पुन्हा तपासलं तेव्हा लोह ०.३ आलं. काठिण्य शिंपल्यांमुळे थोडं वाढलं, त्याचं काही नाही. पिण्याला अजूनही विहिरीचंच पाणी वापरतो, तळाशी राहिलेलं कळशीने शेंदून आणि उकळून, पण चहा आता बोअरचा चालतो. फ्लशच्या टाकीतला बुळबुळीत थर तेवढा गेलेला नाही, कारण ती लाइन अजून थेट बोअरवर आहे. तो थर लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा; अपायकारक नाही, पण ओंगळ. त्यांच्यामुळेच बोअरजवळच्या खड्ड्यात तेलासारखा रंगीत तवंग यायचा आणि मेकॅनिक पंपाचं तेल गळतंय म्हणून सबमर्सिबल उपसायला निघाला होता. काडीने डिवचून बघा: तेल असेल तर फिरून एक होतं, हा तवंग काचेच्या पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे तुटलेलेच राहतात. उपसायचा खर्च एका काडीवर वाचला.

हे सगळं फोनवर ऐकून भाऊ म्हणाला, मलाही तसाच ड्रम करून दे. त्याला म्हटलं, तुझ्याकडे त्याचा काडीचा उपयोग नाही. काठिण्य वाळूला अडत नाही, ते विरघळलेलंच खाली येतं. उकळलं तर त्यातला बायकार्बोनेटचा भाग भांड्याच्या बुडाला बसतो. सल्फेट-क्लोराइडचा हटत नाही. वापरायच्या पाण्यासाठी पुढेमागे सॉफ्टनर घे, पण डाळीपुरतं पाणी छपरावरून मिळेल. तुझ्या गोठ्याचा पत्रा पन्नास चौरस मीटर आहे. दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी पाचशे लिटर. पहिल्या पावसाचं वाहून जाऊ दे, पुढचं भर. वहिनीने विचारलं, वरणाला रोज लागतं किती, दोन तांबे? मग टाकी लहानच घेऊ, पण झाकण घट्ट पाहिजे. टाकी आली, झाकणही आलं. पन्हळ लावायला सुतार-गवंड्यांपैकी कोणाला बोलवायचं यावर त्यांची अजून चर्चा चालू आहे.