मिंगी नर निघाला, आता पुढे?

"दोन्ही माद्याच आहेत हो" म्हणून सशांची जोडी विकणारे मुद्दाम खोटं बोलतात असं मला वाटत नाही. दीड महिन्याच्या पिल्लात नर कुठला नि मादी कुठली, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. निस्तरावं मात्र घेणाऱ्याला लागतं. सिडकोतल्या आमच्या वहिनींनी अशाच चिंगी-मिंगी आणल्या. डिसेंबरात एका सकाळी त्यांची हाक आली, "ताई, पिंजऱ्यात काहीतरी वळवळतंय!" मिंगीचा त्या दिवशी मंग्या झाला.

मी आधी मंग्याला उचलून दुसऱ्या खोलीत कोंडलं, मग पिल्लांकडे वळले. सशीण व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. गाई-म्हशींसारखी माजाची वाट बघावी लागत नाही. नर लागला की मग तिचं बीज सुटतं, आणि साधारण ३१ दिवसांनी पुढचं वेत. "अहो, पण भाऊ-बहीण ना ते?" वहिनी, ते आपल्याला.

पिल्लं सहा. दोन जाळीवर उघडी पडलेली, गार. त्यात निफाडकडची थंडी उतरलेली. वहिनींचं एकच पालुपद: "आई जवळच जात नाही, टाकलीत तिनं." इथेच बहुतेक जण फसतात. सशीण कोंबडीसारखी पिल्लांवर बसून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे, तीन-चार मिनिटं पाजते आणि बाजूला होते. म्हणून आईकडे नाही, पिल्लाच्या पोटाकडे बघायचं. प्यालेलं पोट गोल, तट्ट. पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. उपाशी पिल्लाचं पोट खपाटीला आणि अंगावर सुरकुत्या.

गार पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका. आधी ऊब. दोन्ही पिल्लं मी स्वेटरच्या आत धरून बसले. एक गेलं. दुसऱ्याचे कान डोक्याला चिकटलेले, अंगावर लव नाही. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं आणि मागचा पाय माझ्या तळहातावर झाडला. तोवर वहिनींनी द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेटीची एक बाजू कापून त्यात पेंढा भरला. चिंगीने स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस पिंजऱ्यात विखुरले होते, ते वर अंथरले. माणसाचा हात लागला की आई टाकते म्हणतात. पाळीव सशिणीचं तसं नसतं.

दुसऱ्या सकाळीही पोटं रिकामी. मग चिंगीला मांडीवर घेऊन कुरवाळत पिल्लांवर धरलं, आणि पिल्लं प्यायली. तिने पाजलंच नसतं तर डॉक्टरांना विचारून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर. गाईचं दूध नाही. पाजताना पिल्लू पालथं, उताणं कधीच नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. नंतर कोमट ओल्या कापसाने खाली हळूच पुसायचं, त्याशिवाय इतकी लहान पिल्लं नीट मुतत नाहीत.

जानेवारीत मंग्याचं खच्चीकरण झालं. त्याच संध्याकाळी वहिनी त्याला चिंगीकडे सोडायला निघाल्या! ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे नरापासून गर्भ राहू शकतो, तेवढे दिवस वेगळा पिंजरा. आणि ऑपरेशनला सशाला उपाशी न्यायचं नसतं. ससा ओकूच शकत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. कोणी "रात्रीपासून काही देऊ नका" म्हणालं, तर सशांची सवय असलेला दुसरा डॉक्टर शोधा.