लेहमध्ये थुक्पाच्या पुढे: स्क्यू, चुतागी आणि थेनथुक कुठे, कधी, कसं खावं

लेहला जाऊन आलेली बहुतेक मंडळी एक-दोनदा थुक्पा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खातात आणि लडाखी जेवण झालं म्हणतात. थुक्पा चांगलाच असतो, पण लडाखच्या चुलीवरचे खास पदार्थ म्हणजे स्क्यू आणि चुतागी. दोन्ही कणकेचे, दोन्ही रश्श्यातच शिजणारे. आपल्या वरणफळांशी किंवा चकोल्यांशी त्यांचं नातं पहिल्या घासालाच कळतं. हे पदार्थ आयत्या वेळी मिळत नाहीत, म्हणून खाण्याचा बेत आधीच आखावा लागतो.

लेह साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस खोली, अंगण आणि जवळपासचा रस्ता एवढंच ठेवा. या दिवसांत भूक मंदावते, तळलेलं नकोसं होतं, म्हणून पातळ भाजीचा थुक्पा घ्यावा, तोही अर्धा वाडगा. इथले वाडगे मोठे असतात, दोघांत एक पुरतो. दारू आणि भरपेट मटण तिसऱ्या दिवसापर्यंत टाळा. सतत डोकेदुखी, उलट्या, धाप असं काही वाटलं तर खाण्याचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

मुख्य बाजार, मोती मार्केट आणि चांगस्पाच्या रस्त्यावर थुक्पा जागोजागी मिळतो. मागवण्याआधी शेवया कसल्या आहेत ते विचारा. ग्याथुक म्हणजे लांब, गोल शेवयांचा थुक्पा. काही छोट्या ठिकाणी त्यात सरळ पाकिटातल्या नूडल्स टाकतात. त्या नागमोडी आणि पिवळसर असतात, लगेच ओळखू येतात. ताज्या शेवयांना दाताखाली थोडा ताण लागतो. वाडगा आला की फोटोत वेळ घालवू नका. शेवया रस्सा पीत राहतात, दहा मिनिटांत फुगून मऊ पडतात आणि पातळ रश्श्याची खळ होते.

थेनथुकमध्ये शेवया नसतातच. पिठाची पट्टी हातात धरून बोटांनी चपटी करत ओढायची आणि अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात टाकायचे. ‘थेन’ म्हणजे ओढणं. तुकड्याच्या कडा पातळ आणि मध्य किंचित जाड असला तर हात सराईत आहे. सगळे तुकडे एकसारखे चौकोनी दिसले तर पोळी लाटून सुरीने कापलीय, आणि खाताना तो फरक जाणवतो.

आता स्क्यू. घट्ट मळलेल्या कणकेची छोटी गोळी तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबली की मध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात रस्सा साठतो, सगळी चव तिथेच असते. सोबत बटाटा, सलगम, गाजर, पालक, कधी मटण. चुतागीची तऱ्हा वेगळी: छोटी पारी लाटून तिच्या दोन कडा मध्ये चिमटायच्या, की बो-टायसारखा आकार येतो. ‘चु’ म्हणजे पाणी आणि ‘तागी’ म्हणजे रोटी, नावातच कृती आली.

या दोन्हींना वेळ लागतो, कारण लेहमध्ये पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं. चुतागीच्या चिमटलेल्या भागात पिठाचे दोन थर एकावर एक येतात, तिथेच ती कच्ची राहते. घाईत वाढलेली चुतागी मोडून पाहिली तर मध्ये पांढरी रेघ दिसते. तसं दिसलं तर संकोच न करता परत शिजवायला द्या, कच्च्या कणकेने पोट बिघडलं तर पुढचे दोन दिवस जातात. हॉटेलात दोन तास आधी सांगून ठेवा. होमस्टेमध्ये सकाळीच सांगा आणि करताना बघायला मिळेल का तेही विचारा.

चुतागीसाठी आवर्जून जावं असं ठिकाण म्हणजे आल्ची. लेहहून श्रीनगरच्या रस्त्याने सुमारे 65 किलोमीटर, गाडीने दीड-दोन तास. वाटेत निम्मूजवळ सिंधू-झंस्कारचा संगम लागतो, सस्पोलजवळ सिंधूवरचा पूल ओलांडायचा. तिथल्या गोंपाजवळच, म्हणजे बौद्ध मठाजवळ, आल्ची किचन हे उपाहारगृह आहे. निल्झा वांगमो यांनी ते उभं केलं, 2019चा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला आहे. स्वयंपाकघर उघडं असल्यामुळे कृती समोर पाहता येते. पोहोचल्याबरोबर जेवण सांगा, मग गोंपा पाहायला जा. उलटं केलंत तर भुकेल्या पोटी ताटकळाल.

लाफिंग मात्र शेवटच्या दोन दिवसांसाठी राखा. तिबेटी वस्तीच्या चोगलमसरला, लेहपासून आठेक किलोमीटरवर, ते मिळतं. मुगाच्या सत्त्वाची गार, बुळबुळीत वडी जाड शेवयांसारखी कापून वर लसणाचं पाणी, व्हिनेगर, सोया सॉस आणि मिरचीचं तेल. चव जबरदस्त, पण लसणाचं पाणी न उकळलेलं असू शकतं. गर्दी असलेल्या ठिकाणीच खा आणि मिरचीचं तेल पहिल्यांदा निम्मं घालायला सांगा.

शाकाहारी लोकांनी ‘शा’ हा शब्द लक्षात ठेवावा, शा म्हणजे मांस. ‘व्हेज’ म्हणून आलेल्या थुक्प्याचा रस्साही हाडांचा असू शकतो, म्हणून मांस घातलंय का एवढं विचारून भागत नाही, रस्सा कशाचा ते विचारा. आणि रोख पैसे जवळ असू द्या. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. नेटवर्क नसलं तर यूपीआयही नाही. चांगस्पातली बरीच हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात. मेअखेर ते सप्टेंबर हा काळ खाण्यासाठी सोयीचा.

घरी स्क्यू करायचा तर चौघांसाठी अडीचशे ग्रॅम कणीक, चिमूट मीठ आणि साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी घ्या. पाणी थोडं थोडं घाला. कणीक पुरीच्या कणकेएवढी घट्ट हवी, पोळीसारखी सैल झाली तर स्क्यू रश्श्यात विरघळतो. वीस मिनिटं झाकून ठेवा. तेलात कांदा, आलं-लसूण परतून दोन बटाटे, एक सलगम, एक गाजर मोठे तुकडे करून घाला, वर दीड लिटर गरम पाणी. भाज्या अर्ध्या शिजल्या की खळखळत्या रश्श्यात स्क्यू चार-पाच करत सोडा. सगळे एकदम टाकले तर पाणी थंडावतं आणि त्यांचा गोळा होतो. पुण्या-मुंबईत बारा-पंधरा मिनिटं पुरतात, पण ते वर तरंगले म्हणून गॅस बंद करू नका, एक मोडून मधला भाग बघा. पालक शेवटच्या दोन मिनिटांत.