सांजावाचा वाढदिवस

सात-आठ वर्षांचा होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की अख्खा वाडा माझाच वाढदिवस साजरा करतो. २४ जून उजाडला की गोव्यात, बार्देशातल्या आमच्या घरासमोरून भिजलेल्या माणसांचा घोळका घुमट (मातीच्या घड्याला चामडं ताणून केलेलं वाद्य) वाजवत जायचा. डोक्यावर पानाफुलांची कोपेलं, म्हणजे मुकुट, कुणाच्या कोपेलात चक्क फळंही खोवलेली, आणि तोंडाने सारखं ‘व्हिवा सांजाव!’ शेजारच्या विहिरीशी थांबून एकेक जण धबाधब उड्या टाकायचा. मी पडवीत नवा सदरा घालून उभा. ‘व्हिवा’ म्हणजे ‘चिरायू होवो’ हे मला कुणीतरी सांगितलं होतं. चिरायू कोण, हे सांगायचं राहून गेलं.

सांजाव म्हणजे सेंट जॉन द बाप्टिस्ट, आणि तो दिवस त्याच्या जन्माचा, हे नंतर कळलं. येशू पोटात असलेली मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातल्या जॉनने आनंदाने उडी मारली, अशी बायबलातली कथा. विहिरीतली उडी ही त्या उडीची आठवण, असं आमच्याकडे सांगतात. कथेप्रमाणे जॉन सहा महिन्यांनी मोठा, म्हणून नाताळाच्या सहा महिने आधी त्याचा जन्मदिवस. हिशोब चोख आहे. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. युरोपात याच सणाला रात्री होळ्या पेटवतात, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात तर लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे हाणत फिरतात. तिथे तो ऐन उन्हाळ्यातला दिवस. इथे मृग सरून आर्द्रा लागलेली, लाकडं ओली, विहिरी भरत आलेल्या. अशात होळी पेटायची कशी? तारीख तीच, संत तोच. गोव्यात येऊन आगीचं पाणी झालं.

नव्या जावयाचा तर हा खास मानाचा दिवस. सासुरवाडीला यायचं, कोपेल घालायचं आणि सगळ्यांच्या देखत विहिरीत उडी मारायची. आमच्याकडे जावयाला अधिक महिन्यात अनारसे देतात. त्यात घसरून पडायची भीती नसते, एवढाच काय तो फरक.

आमच्या आजीला मात्र माझा हा वाढदिवस मान्यच नव्हता. ती साखळी गावची. “तारीख सरकारची, तिथी आपली,” असं तिचं सरळ गणित. माझा जन्म १९७५चा, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे ज्येष्ठ वद्य प्रतिपदेचा. औक्षण त्याच दिवशी. चोवीस तारखेला आईने केलेला शिरा ती खायची, पण ‘आज काय विशेष?’ असा चेहरा करून. गोवा मुक्त झाला ती तारीखही तिला कधी नीट सांगता आली नाही. १९ डिसेंबर १९६१ म्हटलं तर ती गप्प. ‘दत्तजयंतीला दोन-तीन दिवस होते तेव्हा’ म्हटलं की मग सगळं घडाघडा आठवायचं. साखळीला दत्ताचं देऊळ आहे, त्याच्या तयारीत ती होती. (बाबा तारखांचे. माझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी, २५ जूनच्या रात्री, देशात आणीबाणी लागली. ‘पोराचा पायगुण’ हा त्यांचा विनोद मी चाळीस वर्षं ऐकला.)

तिथीची अडचण अशी की ती एका जागी बसत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी दरवर्षी आधी तीच शोधतो. २०२५ला माझी प्रतिपदा १२ जूनला, तर २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट ३० जूनला. तारीख खुंटीला बांधलेली, तिथी मोकळी चरणारी. पण तीही सांजवेळी गोठ्यात परत येते: १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोनेक तासांचा फरक पडतो, त्यामुळे एकोणीस वर्षांनी दोघी पुन्हा एकाच दिवशी भेटतात. १९९४ला भेटल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आजीने सकाळी ओवाळलं. पंधरा दिवस मागेपुढे न होता नेमकं चोवीसलाच का, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी शिरा खाताना तिने चेहरा केला नाही.

२०१३ला पुन्हा जुळलं. आजी नव्हती. आईने वडाला गुंडाळून उरलेल्या सुताचं रीळ बाजूला सारून निरांजन लावलं, मला पाटावर बसवलं, आणि तेवढ्यात दारातून घुमट. शेजारच्या आंटी ओल्या अंगणातूनच ओरडल्या, “बाय, पुताक भायर धाड, बांय भरल्या!” (पोराला बाहेर पाठव, विहीर भरलीय!) आई म्हणाली, “थांबा, अजून अक्षता टाकायच्या आहेत.” ते थांबले. पाच-सहा माणसं, डोक्यावर कोपेलं, पावसात, माझ्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत. मग मी कुंकवासकट उडी मारली.

आता पुढची गाठ २०३२ची, माझ्या सत्तावनाव्या वर्षी. आंटींच्या मुलाने विहिरीवर लोखंडी जाळी बसवलीय. चोवीसला काढतो, म्हणाला. गुडघ्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.