मुकादमाचा फोटो

"गळ्यातलं काढा." एक्स-रे काढण्याच्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा मी हेच बोललो असेन. साखळी, ताईत, डोरलं, खिशातली तंबाखूची डबी, मोबाईल, सगळं बाजूला ठेवायला लावायचं. बायकांना वर आणखी एक सांगावं लागतं, वेणी डोक्यावर बांधा. पाठीवरची जाड वेणी खांद्याशी आली की एक्स-रेत फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर धुरकट पट्टा उमटतो, आणि क्षयाची सावलीही बहुतेकदा तिथेच असते. अनुभवी डॉक्टर वेणी ओळखतो. सॉफ्टवेअर ओळखेलच याची खात्री मी देणार नाही.

मी मूळचा डार्करूमचा माणूस. डेव्हलपर, फिक्सर, दोरीवर वाळत घातलेल्या फिल्मा, आणि तालुक्याचे डॉक्टर बघतील तेव्हा मिळणारा रिपोर्ट. आता हातात मावणारं साडेतीन-चार किलोचं मशीन असतं. ते स्टँडवर लावायचं, समोर पातळ डिटेक्टर, त्याला छाती टेकवून माणूस उभा करायचा. "श्वास घ्या, धरा, सोडा." चित्र लॅपटॉपवर येतं, सॉफ्टवेअर मिनिटभरात ते वाचतं, संशयाची जागा लाल रंगात दाखवतं आणि ० ते १ मधला एक आकडा देतं; तो १ च्या जितका जवळ तितका क्षयाचा संशय जास्त. इंटरनेट नसलं तरी चालतं. पंधरा वर्षांवरच्या माणसांसाठी असं संगणकी वाचन वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आमची गावोगावची भटकंती वाढली.

बीड जिल्ह्यातल्या त्या गावात आम्ही २०२५ च्या मे महिन्यात गेलो. मे मुद्दाम निवडलेला. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततं, त्यामुळे हिवाळ्यात शिबिर घेतलं तर म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी भेटतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला सुट्टी होती. वर्गातले बाक हलवायला, एक्स्टेन्शन बोर्ड आणायला, पाण्याचे जार भरायला एक गृहस्थ पुढे होते. ऊसतोड टोळीचे मुकादम. वय पन्नाशीच्या आत, अंगाने धडधाकट, पांढरा सदरा, आवाज असा की माईकची गरज नाही.

माणसं जमली, पण पुढे कोणी येईना. "खोकला न्हाई तर फोटो कशाला काढायचा?" हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात येतो आणि तो अडाणीपणाचा नाही. आमच्या खात्यानेच वर्षानुवर्षं हेच शिकवलं की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर या. पण २०१९ ते २०२१ मध्ये देशभर क्षयरोगाची जी पाहणी झाली, तीत सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते. हे रांगेतल्या माणसांना टक्केवारीत सांगून उपयोग नसतो. मुकादमांनी ते काम सोपं केलं. सदरा काढून म्हणाले, "ह्यो बघा, मी पहिला उभा ऱ्हातो. मला काय खोकला हाय का?"

आकडा आला ०.८९. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग लालभडक.

खोलीत प्लग एकच होता, दाराशेजारी. त्यामुळे टेबल तिथे आणि लॅपटॉपचं तोंड दाराकडे. मी स्क्रीन मिटेपर्यंत एका पोराने मोबाईल वर धरला होता. आशाताईंनी त्याचा कान पकडला, फोटो पुसायला लावला, ग्रुपवरूनही काढायला लावला. तोवर तो पुढे गेला होता. "मुकादमाला टीबी" एवढंच खाली लिहिलेलं. बाहेर चहा होईस्तोवर त्यांचा फोन वाजायला लागला.

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला की मुकादमांच्या घाबरण्याचं कारण आजार नव्हता. मुकादमाचा धंदा विश्वासावर चालतो. कारखान्याकडून त्याने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, ती कोयत्यांना वाटायची (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), आणि हंगामाला सगळे ट्रकमध्ये बसतील ही जबाबदारी त्याची. कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपड्यांत, महिनोन्‌महिने शेजारी राहायचं, एका टाकीचं पाणी प्यायचं. अशा माणसाला टीबी म्हटल्यावर लोक दुसऱ्या मुकादमाकडे जातात. शेजारच्या तालुक्यातून एकाचा फोन आला तेव्हा मी जवळच उभा होतो. "न्हाई न्हाई, नुसता फोटो हाय त्यो," मुकादम सांगत होते, आणि खरं म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर सांगत होते.

सॉफ्टवेअर सावली शोधतं, जंतू शोधत नाही. जुन्या न्यूमोनियाचा डाग, दगडखाणीतली धूळ, कधीतरी आपोआप भरलेली जखम, यांपैकी कशानेही आकडा वर जाऊ शकतो. निर्णय बेडक्याच्या तपासणीवर. मी त्यांना शाळेमागच्या लिंबाखाली नेलं आणि हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मला काही हाय का न्हाई?"

तीस वर्षांपूर्वीचा पेशंट खोकत, वाळलेला, घाबरलेला यायचा. आजार आहे हे त्याला आधीच माहीत असायचं, आम्ही फक्त नाव सांगायचो. आता आम्ही जेवूनखाऊन मजेत असलेल्या माणसाच्या दारात जाऊन म्हणतो की तुमच्यात काहीतरी दिसतंय. ते कसं सांगायचं याचं प्रशिक्षण मला कोणी दिलं नाही. मशीनचं मात्र दोन दिवसांचं होतं, जेवणासकट.

समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमने सूत्रं हातात घेतली. आधी त्यांची शुगर विचारली. मधुमेह निघाला, गोळ्या अधूनमधून. मधुमेह्याला क्षयाचा धोका जास्त असतो, हे ऐकून ते पहिल्यांदा गंभीर झाले. मग बेडका. खोकलाच नसलेल्या माणसाकडून बेडका मिळवणं म्हणजे एक दिव्य. नुसती थुंकी चालत नाही. खोल श्वास, पुन्हा खोल श्वास, छातीतून ओढून. उन्हात, उघड्यावर, लोकांपासून लांब. बऱ्याच खटपटीने डबीत कामापुरता आला.

नमुना ग्रामीण रुग्णालयात गेला. तिथे ट्रूनॅट आहे, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन. चिपवर नमुना टाकला की जंतूचा डीएनए आहे की नाही ते तासाभरात कळतं, मग रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का हे दुसऱ्या चिपवर. संध्याकाळी सामान भरताना मॅडमना फोन आला. जंतू होते. औषधाला दाद देणारे होते, ही चांगली बातमी.

निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करताना मोबाईल नंबर लागतो. मुकादमांनी स्वतःचा दिला नाही, धाकट्या भावाचा दिला. "माझा फोन पोरांच्या हातात असतो, मेसेज आला तर?" महिन्याला हजार रुपये पोषण आहाराचे खात्यात येतात, त्यासाठी बँकेचा तपशील मात्र दिला. घरच्यांची तपासणी, प्रतिबंधक गोळ्या, सगळं रीतसर झालं. आणि ज्या रांगेतून एकही माणूस पुढे येत नव्हता ती रांग त्या दुपारी व्हरांड्याबाहेर गेली. भीतीने गेली हे मला ठाऊक आहे. तसल्या फोटोने गर्दी जमवण्यापेक्षा मी रिकाम्या वर्गात बसणं पसंत करीन. हल्ली सामानात मी एक लांब वायर स्वतःच्या पैशाने ठेवतो, टेबल भिंतीकडे वळवता यावं म्हणून.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. दोन महिन्यांचा बेडका तपासला होता, जंतू नव्हते. औषध सहा महिने घ्यायचंच, हे त्यांना पाठ होतं. मागणी वेगळी होती.

"साहेब, आता परत फोटो काढा. त्यो लाल डाग गेलेला फोटो मीच ग्रुपवर टाकतो."

मी म्हटलं, मुकादम, डाग इतक्यात जायचा नाही. पुरते बरे झालात तरी फुफ्फुसावर वण राहू शकतो. सॉफ्टवेअरला वण आणि आजार यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही.

"म्हंजी पुढल्या साली शिबिर आलं तर तुमचं मशीन परत मलाच धरणार?"

"धरू शकतं. तेव्हा औषध पुरं केल्याचा कागद दाखवा."

"कागद मिळतो का त्याचा?"

मिळतो म्हटलं, कोर्स संपला की रुग्णालयातून मागून घ्या.

"मग त्याला लॅमिनेशन करून ठिवतो," म्हणाले, आणि उचलीच्या बोलणीसाठी कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला.