आमची वाटचाल: फळी वाळेपर्यंत थांबायचं

काय करता असं कुणी विचारलं की मी सांगतो, लाकडी कोर्ट घासून पॉलिश करतो, आणि समोरचा हमखास म्हणतो, म्हणजे कॅरम बोर्ड का? नाही हो. बॅडमिंटन, बास्केटबॉलची कोर्टं, शाळा-कॉलेजातले इनडोअर हॉल, क्लबचे हॉल. जिम म्हणलं की आपल्याकडे डंबेल्स आठवतात त्यामुळे जिमनॅशियम फ्लोअर वगैरे शब्द मी व्हिजिटिंग कार्डवरून काढूनच टाकले, आता सरळ 'लाकडी कोर्ट घासणे व पॉलिश' असं छापलंय आणि त्यावर फोन जास्त येतात.

धंदा मूळ आप्पांचा, म्हणजे वडिलांचा. पण कोर्टाचा नाही, फर्निचर पॉलिशचा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या मागे एक पत्र्याची शेड भाड्याने होती, तिथे रात्री चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, सकाळी गाळायचा आणि कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात गुंडाळून दिवसभर हात फिरवायचा. मी आठवीत असल्यापासून शाळा सुटली की तिथेच. आप्पा शिकवायचे म्हणजे काही बोलायचे नाहीत, हात धरून फिरवायचे. बोळा कोरडा पडला की ओढतो, जास्त ओला झाला की खालचा थर सोडवतो, आणि फिरता बोळा मधे थांबला की तिथे डाग. एवढं तीन गोष्टीत त्यांचं सगळं शास्त्र होतं आणि खरं सांगायचं तर आजही कोर्टावर कोट मारताना मला तेच कामाला येतं. पुढे मेलामाइनचं तयार पॉलिश आलं, स्प्रे गन आली, सनमायका तर आधीपासून होतंच, आणि हाताने फ्रेंच पॉलिश करून घेणारी गिऱ्हाईकं जुन्या वाड्यांतली तेवढी उरली. वाडेही पडायला लागले.

पहिलं कोर्ट मिळालं ते ओळखीतून. एका क्लबचा हॉल होता, सागाच्या फळ्या, पंचवीस-तीस वर्षं वापरलेल्या, वरचं पॉलिश पार उडून फळी काळी पडलेली. त्यांनी आप्पांना विचारलं, तुम्ही टेबलं करता तसं हे जमेल का? आप्पा म्हणाले टेबल काय नि जमीन काय, लाकूडच ते. मी भाड्याने ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपर लावलेलं जमीन घासायचं मशीन, आणला, कधी चालवला नव्हता, म्हणलं लॉन मोव्हरसारखा असेल. या मशीनची गंमत अशी की ड्रम खाली टेकलेला असताना माणूस क्षणभर जरी जागेवर थांबला तरी तिथे वाटीसारखा खड्डा पडतो, म्हणजे चालता चालता ड्रम टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा, विमान उतरवतात-उडवतात तसं. मला हे कळेपर्यंत सात-आठ खड्डे पडले होते. पण ते दिवसा दिसलेच नाहीत, वर ट्यूबलाइट होत्या. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आत आलं आणि अख्खी जमीन लाटांनी भरलेली दिसली. आप्पा दारात उभे होते, ते काहीच बोलले नाहीत, नुसती चप्पल काढून अनवाणी त्या जमिनीवरून फिरले आणि जिथे जिथे पाय अडला तिथे खडूने गोल काढले. खडूचे गोल पुसायला पुढचे चार दिवस गेले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, घासणं झालं की लाइट बंद आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून बघायचं.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं मशीन फिरवलं की झालं. आधी सगळे खिळे-स्क्रू खाली दाबायचे, एक स्टेपल पिन वर राहिली तर बेल्ट फाटतो. मग 36 किंवा 40 नंबरचा जाडाभरडा सँडपेपर, मग 60, 80, शेवटी 100 किंवा 120. घाईत एक नंबर गाळला तर काही दिसत नाही, पण पहिला कोट मारला रे मारला की चरे उठून दिसतात, मग परत पहिल्यापासून. कडेला मशीन पोचत नाही तिथे एजर नावाचं छोटं मशीन, कोपऱ्यात हाताने खरवडायचं. मग धूळ. धूळ हा आमचा खरा शत्रू, दोनदा व्हॅक्यूम, मग किंचित ओल्या फडक्याने पुसणं, आणि तरी खिडकीच्या वरच्या पट्टीवर राहिलेली धूळ बरोबर ओल्या कोटावर येऊन बसते. मग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर, त्यावर कोर्टाच्या लाइनी, त्यावर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन कोट, प्रत्येक कोटाच्या मधे हलकं घासणं. भरीव फळीचं कोर्ट असेल तर असं मुळापासून घासणं आयुष्यात चार-पाच वेळा तरी होतं, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी वर 3-4 मिलिमीटरचाच खरा थर असतो, तिथे एकदा-दोनदा, बस. म्हणून मी सांगतो की दर एक-दोन वर्षांनी नुसतं वरवर घासून एक कोट मारून घ्या, फळीला हात न लावता. पण लोक दहा वर्षं थांबतात आणि मग विचारतात एवढा खर्च कसा.

धंदा वाढला तो बॅडमिंटनमुळेच. 2012 ला लंडनला सायनाने ब्राँझ आणलं, 2016 ला रिओला सिंधूने सिल्व्हर, आणि पुण्यात जिकडे बघावं तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये चार-चार, सहा-सहा कोर्टं उभी राहायला लागली. पुण्याला तसं नवल नाही, या खेळाला इंग्रज एकेकाळी 'पूना' म्हणूनच ओळखायचे. आमची माणसं दोनाची सहा झाली, दोन मशीनं स्वतःची झाली.

आणि त्याच सुमारास आमची सगळ्यात मोठी चूक झाली. एका शाळेचा हॉल, जुलैत छत गळलं, पाणी लाकडाच्या खाली गेलं आणि फळ्यांच्या कडा वर आल्या, मध्ये खोलगट, हात फिरवला तर पन्हळी पत्र्यावरून फिरवल्यासारखं वाटायचं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या स्पर्धा होत्या. मी म्हणलं घासून सपाट करून देतो. केलं पण, आरशासारखं, मुख्याध्यापक बाईंनी फोटो काढून घेतले, बिलही वेळेवर मिळालं (हे विशेष). मार्चमध्ये फोन आला, अहो तुमची जमीन उलटी झालीय. जाऊन बघतो तर आता प्रत्येक फळीचा मध्य वर आणि कडा खाली. झालं असं होतं की फळी खालून ओली होती आणि वरून कोरडी, त्यामुळे बूड फुगून कडा वर उचललेल्या. त्या उचललेल्या कडाच आम्ही घासून टाकल्या. मग थंडीत-उन्हाळ्यात बूड वाळलं, फळी परत आपल्या जागी गेली, पण कडांचं लाकूड आता नव्हतंच. आम्ही काहीही न करता तीन-चार महिने थांबलो असतो तर निम्म्याहून जास्त फळ्या आपोआप बसल्या असत्या.

परत सगळं घासून दिलं, फुकट. त्या वर्षी टेम्पो घ्यायचा होता तो राहिला. टेम्पोऐवजी मॉइश्चर मीटर घेतला, दोन टोकदार पिना लाकडात खुपसायच्या की ओल टक्क्यात दिसते. पुण्यातलीच एक फळी एप्रिलमध्ये 8-9 दाखवते आणि ऑगस्टमध्ये 13-14, हे मला इतकी वर्षं लाकडात काढून माहीत नव्हतं म्हणजे बघा. आप्पांना मीटर दाखवला तर त्यांनी आधी फळीला तळहात लावला, मग म्हणाले ओली आहे, मग मीटर लावला, 14. पण गिऱ्हाईकाला आप्पांचा तळहात पटत नाही, आकडा पटतो. आता जून ते सप्टेंबर आम्ही मुळापासून घासायचं काम घेतच नाही. कोकणात तर ऑक्टोबरही सोडतो. दोन आठवडे आकडा हलला नाही आणि फळीच्या वरची-खालची ओल जवळपास सारखी आली की मगच मशीन. यामुळे कामं जातात, दुसरा कुणी तरी पंधरा ऑगस्टच्या आत करून देतो म्हणतो आणि त्याला मिळतं. मिळू दे.

दुसरी फजिती लाइनींची. एका हॉलमध्ये मधे बास्केटबॉल आणि आडवी बॅडमिंटनची कोर्टं. बास्केटबॉलचं 28 बाय 15 मीटर माप हे लाइनीच्या आतल्या कडेपासून धरतात, आणि बॅडमिंटनमध्ये 13.40 बाय 6.10 मध्ये लाइन धरलेली असते, म्हणजे बाहेरच्या कडेपासून. आमच्या पोराने सगळंच बास्केटबॉलच्या हिशोबाने मारलं. लाइन 40 मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी मिळून कोर्ट 8 सेंटिमीटर मोठं झालं. आम्हाला कुणालाच दिसलं नाही, आम्ही वरून दोन कोट मारून मोकळे. पहिल्याच दिवशी रोज सकाळी डबल्स खेळणारे एक रिटायर्ड काका आले, दोन गेम खेळले आणि म्हणाले, "अरे, माझी आउट जाणारी सर्व्हिस आज आत का पडतेय?" आणि बॅगेतून टेप काढली. बॅगेत टेप ठेवणारा माणूस पुण्यातच भेटणार. लाइनी पुसता येत नाहीत, घासाव्याच लागतात. आता आधी सूत मारायचं, मग कर्ण मोजायचा, 14 मीटर 72 सेंटिमीटर आणि वर 3 मिलिमीटर, दोन्ही कर्ण सारखे आले की टेप लावायची आणि फोटो मला पाठवायचा, मग रंगाचा डबा उघडायचा.

बाकी किरकोळ गोष्टी कितीतरी. ओल्या कोटावरून कबुतर चालत गेलंय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी सरळ रेषेत, आता आधी जाळ्या आणि मग कोट. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी लाइट लावून कोट मारला तर पाकोळ्या येऊन चिकटतात. घासलेल्या जुन्या पॉलिशचा भुसा पोत्यात भरून रात्री हॉलच्या कोपऱ्यात ठेवला तर आतल्या आत तापून धुमसू शकतो, आमचं एक पोतं सकाळी मधोमध काळं निघालं, नशीब की बाहेर व्हरांड्यात होतं. तेव्हापासून भुसा पत्र्याच्या डब्यात आणि डबा उघड्यावर, इमारतीपासून लांब. कोट ओला असताना कुणीतरी प्रेमाने पंखा लावतो, "लवकर वाळेल म्हणून लावला हो", त्याला काय बोलणार.

पूर्वी तेलाचं पीयू मारायचो, एक कोट वाळायला अख्खा दिवस, वास तर असा की शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रार, आणि दोन वर्षांत जमीन पिवळी. आता बहुतेक पाण्याचं वापरतो, तीन-चार तासांत वाळतं, पिवळं पडत नाही, पण तेवढंच चंचल. आधीच्या पट्ट्याची ओली कड पुढचा पट्टा मारायच्या आत वाळली की जोड दिसतो, म्हणून दोघे जण न थांबता एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात, फोन बाहेर, पाणी पिणं बाहेर. माझ्याकडे आलेल्या नव्या पोराला मी पहिले सहा महिने नुसतं बघायलाच लावतो.

मग हिरव्या मॅट आल्या. स्पर्धा मॅटवर होतात म्हणून अकॅडमीवाल्यांनी लाकडावर कायमच्या मॅट अंथरल्या आणि म्हणाले आता पॉलिश कशाला. मला वाटलं संपला धंदा. पण मॅटखाली ओल कोंडते, घाम, फरशी पुसायचं पाणी सगळं शिवणीतून आत, आणि तीन-चार वर्षांनी मॅट उचलली की खाली काळे डाग, कधी वाळवी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर हॉल अख्खा पावसाळा कुलूपबंद राहिले, उघडले तेव्हा काही ठिकाणी फळ्या भिंतीला टेकून मधून वर उचलल्या होत्या कारण कडेला सोडलेली मोकळी फट कुणीतरी सिमेंटने बुजवलेली. ते वर्ष आमचं तोट्यातच गेलं, पण पुढची दोन वर्षं त्याच फळ्यांनी काम दिलं.

एक कळकळीची विनंती मात्र इथेच करून ठेवतो, लाकडी कोर्टावर बादलीभर पाणी आणि फिनेल ओतून पुसू नका हो. कोरडा मॉप, बस. मी प्रत्येक काम संपल्यावर वॉचमनला आणि झाडणाऱ्या मावशींना चहा पाजून हे समजावतो, सेक्रेटरीला सांगून उपयोग नसतो, तो काही मॉप मारत नाही.

आप्पा आता साइटवर येत नाहीत, गुडघे गेले. मुलगा येतो, त्याला धूळ स्वतःच ओढून घेणारं मोठं इम्पोर्टेड मशीन पाहिजे, रोज एक व्हिडिओ दाखवतो. किंमत ऐकून मी विषय बदलतो, पण यंदा बहुतेक घेऊ.

गेल्या आठवड्यात त्या पन्हळीवाल्या शाळेचा परत फोन आला. बाई रिटायर झाल्यात, नवीन सर आहेत, त्यांना जुनं काही माहीत नाही, नंबर रजिस्टरमध्ये सापडला म्हणाले. जाऊन मीटर लावला. हॉलमध्ये सगळीकडे 10, स्टेजच्या बाजूला मात्र साडेबारा. सर म्हणाले दिवाळीच्या सुट्टीत करून टाका की. मी स्टेजखालची झडप उघडून द्यायला सांगितली, आत हवा फिरू दे म्हणलं, आणि पंधरा दिवसांनी परत मोजायला येतो सांगून निघालो.